ताप येईपर्यंत

त्या वर्षी ढग लवकर आले. मिठागरातलं निम्मं मीठ अजून वाफ्यांतच होतं आणि मालकाचा माणूस रोज सकाळी बांधावर उभा राहून आधी आकाशाकडे बघायचा, मग कामकऱ्यांकडे. ढग जणू त्यांनीच बोलावून आणले होते.

बांधाच्या टोकाला ज्यांची खोली होती, त्या घरातली सगळीच माणसं आगरात राबायची. म्हातारा लांब दांड्याच्या फळीने वाफ्यातलं मीठ कडेला ओढायचा. मुलगा राशी रचून वर गवत अंथरायचा. सासू आणि सून पाट्या वाहायच्या. तीन वर्षांची नात बांधावर छत्रीच्या सावलीत बसवून ठेवलेली असायची. सगळ्यांच्या टाचा फुटलेल्या, भेगांमध्ये मीठ बसलेलं. घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे गोड्या पाण्याच्या घमेल्यात पाय बुडवून गप्प बसणं. सुनेला मात्र तेवढंही गप्प बसवत नसे.

"आई, माझे पाय चांगले मुरलेत. आता बरणीत घातले तरी वर्षभर टिकतील," ती म्हणायची, आणि म्हातारा मिशीतल्या मिशीत हसायचा.

तिला पाचवा महिना सरत आला होता. पाटी डोक्यावर घेताना ती आता गुडघे थोडे जास्त वाकवायची, एवढाच काय तो फरक. सासू म्हणायची, तू राशीपाशी बस, पाट्या मी आणते. सून म्हणायची, बसले तर बडबड करून माझं तोंड दुखेल.

त्या दिवशी दुपारी वाफ्यातून बांधावर चढताना ती मध्येच थांबली.

"आई, माझी पाटी गळतेय वाटतं. बघा ना, पाय ओले झाले सगळे."

सासूने पाटी उतरवून घेतली. पाटी कोरडी होती. मीठ दोन दिवस उन्हात वाळलेलं होतं. सासूने खाली वाकून सुनेच्या पोटरीला हात लावला, बोटं नाकाशी नेली. खाऱ्या पाण्याचा वास तिला झोपेतही ओळखता आला असता. हा तो नव्हता.

"चल," ती म्हणाली.

"कुठे?"

"दवाखान्यात. चालू नकोस. इथेच बस, टेम्पो बोलावते."

मालकाचा माणूस कुरकुरला. दोघी गेल्या तर पाट्या कोण उचलणार, ढग बघताय ना. सासूने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मुलाने हातातलं गवत तिथेच टाकलं. रिकाम्या गोण्यांवर सुनेला आडवं करून, तिचं डोकं मांडीवर घेऊन तो टेम्पोत मागे बसला. म्हातारा नातीला कडेवर घेऊन बांधावर उभा राहिला.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या ते एक बरं झालं. नातीच्या वेळचं बाळंतपण त्यांनीच केलं होतं. अडलेलं होतं, तरी त्यांनी धीराने सोडवलं होतं. त्यांनी सुनेला तपासलं, पोटावर यंत्र फिरवलं. बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या.

"पिशवीतलं पाणी गेलंय," त्या म्हणाल्या. "सगळंच गेलंय."

"आणि बाळ?" सासूने विचारलं.

"ठोके आहेत."

सासूने अडकलेला श्वास सोडला. डॉक्टरीणबाईंनी लगेच मान हलवली.

"आजी, नीट ऐका. ठोके आहेत, पण बाळ राहणार नाही. एवढ्या लहान जिवाला बाहेर जगता येत नाही आणि पाण्यावाचून आत वाढता येत नाही. आता आईचं बघायला पाहिजे. पिशवी उघडी पडली आहे. ती मोकळी केली नाही तर आत पू होतो आणि तो रक्तात जातो."

 खाटेवरच्या सुनेने पोटावरचा हात काढला नाही. ती म्हणाली, "मग करा मोकळी."

डॉक्टरीणबाई उठल्या, दार लावून परत आल्या.

"आता मला ते करता येत नाही. नवा कायदा आलाय. ठोके चालू आहेत तोवर हात लावायचा नाही. आईच्या जिवाला धोका असेल तर लावता येतो, पण तो धोका समोर दिसला पाहिजे. त्यावर तीन डॉक्टरांच्या सह्या लागतात. आणि पुढे कुणी विचारलं की खरंच होता का धोका, तर तो सिद्ध करून दाखवता आला पाहिजे."

"आत्ताच म्हणालात ना, पू होतो म्हणून," मुलगा म्हणाला.

"होईल. अजून झालेला नाही."

"आणि झाला की?"

"ताप येईल. थंडी भरेल. ताप दिसला की त्याच पावली घेऊन या. घरचं काम हातातलं टाकून या."

सून किंचित हसली. "म्हणजे मी अजून पुरेशी आजारी नाही."

"नाही."

"बाजारात कुठे ताप मिळाला तर घेऊन येते."

कुणी हसलं नाही. डॉक्टरीणबाई कोपऱ्यातल्या नळाशी जाऊन हात धूत राहिल्या. धुतलेलेच हात पुन्हा धुतले. पाठमोऱ्याच बोलल्या, "मागच्या वर्षी मी हे आजच करून टाकलं असतं. जेवायला जायच्या आधी. उद्या तुम्ही घरी असता."

पलीकडच्या गावातला एक डॉक्टर असंच काम केलं म्हणून तुरुंगात होता. हे आगरातसुद्धा सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या बायकोने दवाखाना विकून टाकला होता.

"निदान इथे ठेवून तरी घ्या," सासू म्हणाली.

डॉक्टरीणबाई बाहेर जाऊन परत आल्या. "मी मोठ्या डॉक्टरांना विचारलं. ताप नाही, रक्त जात नाही, खाट कशाला अडवायची म्हणतात." त्यांनी गोळ्या दिल्या, कापसात गुंडाळलेली तापाची नळी दिली आणि नळीवर शाईने एक बारीक रेघ मारली. "पारा इथे आला की निघायचं."

घरी आल्यावर सुनेला भिंतीलगतच्या खाटेवर निजवलं. म्हाताऱ्याला सगळं सांगितलं. त्याने दोनदा विचारलं, पुन्हा सांगितलं.

"असं नाही होणार," म्हातारा म्हणाला. "तुमच्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली असेल. आईचा जीव जात असेल तर डॉक्टरला मोकळीक आहे. कायद्यातच लिहिलंय ते. आम्हाला सभेत वाचून दाखवलं होतं."

कायद्याच्या बाजूने मोर्चा निघाला होता तेव्हा आगरातून ट्रक भरून माणसं गेली होती. म्हातारा त्यात होता. कुणी जबरदस्ती केली नव्हती. पोटातल्या जिवाचं रक्षण करायचं म्हटल्यावर त्याला ते मनापासून पटलं होतं. त्याच्या आईची दोन मुलं जन्मायच्या आधीच गेली होती आणि ती मरेपर्यंत त्यांचं नाव काढून रडायची.

"जीव जातोय की नाही हे कोण ठरवणार, ते वाचलं होतं का?" मुलाने विचारलं.

 मुलगा एरवी बापापुढे आवाज चढवत नसे. आजही चढवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिघेही कामावर गेले. न जाऊन भागणार नव्हतं. मालकाच्या माणसाने सांगून ठेवलं होतं की राशी झाकायच्या आत पाऊस पडला तर पुढच्या हंगामाला ही खोली दुसऱ्यांना देईन. सासू दर थोड्या वेळाने पाटी ठेवून घराकडे पळायची. सुनेच्या कपाळाला हात लावायची, गळ्याला लावायची, नळी काखेत देऊन बघायची. पारा रेघेच्या खालीच. सासू सुटकेचा श्वास टाकायची आणि बांधावरून परत जाताना तिच्या लक्षात यायचं की आपण ज्यासाठी आलो होतो ते घडलेलं नाही. ताप नसावा असं मागावं की असावा असं मागावं, हे तिला कळेनासं झालं.

सून खाटेवर बसून गोण्या शिवत होती. नको म्हटलं तरी ऐकलं नाही. भरलेल्या गोण्यांची तोंडं शिवायचा मोठा दाभण आणि सुतळी तिने मागून घेतली होती. नात तिच्या पायाशी सुतळीच्या तुकड्यांशी खेळत होती.

"आत हलतंय अजून," सून एकदा म्हणाली. "फार नाही. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं."

सासू तिथेच दारात खाली बसली.

"रडू नका हो आई. तुम्ही रडायला लागलात की मला हसता येत नाही." तिने सुतळी दाताने तोडली. "मी एक विचार केलाय. शाळेत आमच्या वर्गातली एक मुलगी परीक्षेच्या दिवशी काखेत कांदा धरून यायची. ताप चढायचा म्हणे. घरी पाठवायचे तिला."

"काहीतरीच."

"तोंडात गरम पाणी धरलं तरी नळी चढते. ते मी स्वतः करून बघितलंय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आई, बाईंना करायचं आहे. त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. त्यांना फक्त कारण हवंय. आपण देऊ."

सासूने सबंध दुपार विचार केला. मीठ वाहताना, पाटी रिती करताना, परत येताना. खोटं बोलून दवाखान्यात जायचं हे तिला पटत नव्हतं. पण सुनेचं कपाळ आज गार आहे आणि उद्या नसेल, हे त्याहून मोठं होतं. संध्याकाळी तिने मुलाला सांगितलं. म्हाताऱ्याला सांगितलं नाही.

सकाळी ते तिघं निघाले. सासूने थर्मासमध्ये कढत पाणी भरून घेतलं होतं. सुनेच्या दोन्ही काखांत चिरलेला कांदा फडक्यात बांधून ठेवला होता. दवाखान्याच्या आवारात नळामागे उभं राहून सुनेने थर्मासचं झाकण भरून पाणी तोंडात घेतलं. डोळ्यांतून पाणी आलं, पण तिने तोंड उघडलं नाही. तशीच आत आली.

नर्सबाईंनी विचारलं, "काय होतंय?"

सुनेने मान हलवली.

"अगं, बोल ना. थंडी वाजते? पोट दुखतं?"

सासू म्हणाली, "तिला बोलवत नाही. अंगात फार ताप आहे."

नर्सबाईंनी नळी पुढे केली. सुनेने पाणी गिळलं आणि तोंड उघडलं. थोड्या वेळाने नर्सबाई नळीकडे बघत राहिल्या. मग सुनेकडे बघितलं, मग परत नळीकडे. "एवढा ताप असता तर तू चालत आली नसतीस," त्या पुटपुटल्या. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आणि मोठे डॉक्टर, दोघं बरोबरच आत आले. मोठे डॉक्टर दवाखान्याचे प्रमुख होते, केस पांढरे झालेले, निवृत्तीला आलेले. त्यांनी हाताची मागची बाजू सुनेच्या मानेला टेकवली.

"काखेत लावा," ते म्हणाले.

सून हात वर करेना. नर्सबाईंनी तिचा दंड धरून अलगद वर केला. फडकं सुटलं आणि कांद्याच्या फाका फरशीवर पडल्या. खोलीभर वास सुटला. पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली. दारातला शिपाई हसला आणि मग कुणीच हसत नाही बघून गप्प झाला.

सुनेने वाकून फाका गोळा करायला सुरुवात केली. सासूही वाकली. मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याचे कान लाल झाले होते.

मोठे डॉक्टर रागावले नाहीत. "बाई," ते थकलेल्या आवाजात म्हणाले, "उद्या मला कोर्टात उभं केलं तर मी काय सांगू? कांदा होता म्हणून?" त्यांनी तिच्या कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि पुढच्या खाटेकडे गेले.

डॉक्टरीणबाई फाटकापर्यंत आल्या.

"मला एकटीला आधी का नाही भेटलात?" त्या सासूला म्हणाल्या. "मी..." पुढचं त्यांनी गिळलं. "खरा ताप आला तर यायला लाजू नका. या प्रकाराला घाबरून घरी थांबू नका."

परतताना सून टेम्पोत एक शब्द बोलली नाही. घर आल्यावर म्हणाली, "कांदा तरी भाजीत घाला. वाया नको."

ताप दुसऱ्या दिवशी दुपारी आला.

आकाश खाली उतरलं होतं. वारा पडलेला, मीठ ओलावा धरायला लागलेलं. सासू घरात आली तेव्हा सून मांडीवर गोणी घेऊन बसली होती आणि तिचे दात एकमेकांवर वाजत होते. दाभण तिच्या तळहातात घुसला होता. तिला ते कळलंही नव्हतं. सासूने तो ओढून खाटेवर टाकला, तिच्या कपाळाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. पारा शाईच्या रेघेच्या वर गेला होता.

टेम्पो मीठ भरून गेलेला होता. मुलाने तिला पाठीवर घेतलं आणि बांधावरून रस्त्यापर्यंत धावला. म्हातारा मागून छत्री धरून धावत होता, ऊन नव्हतं तरी. नातीला शेजारच्या खोलीतल्या बाईकडे टाकलं. रस्त्यावर मिठाचीच एक लॉरी मिळाली.

दवाखान्यात नर्सबाई त्याच होत्या. "आज काय आणलंय?" त्या म्हणाल्या. मग सुनेच्या अंगाला हात लागला आणि त्यांचा चेहरा उतरला.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. रक्त काढलं, सलाईन लावलं, यंत्र फिरवलं. ठोके अजून होते. त्यांनी स्वतःची सही केली आणि कागद घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. मोठ्या डॉक्टरांनी आधीच्या दिवशी लिहिलेल्या त्यांच्याच दोन ओळी वाचल्या. कागदावर खोट्या तापाची नोंद आहे, म्हणाले, तेव्हा एकदा नाही, थोड्या अंतराने दोनदा मोजून लिहा. दोनदा मोजला. मग त्यांनीही सही केली. तिसरी सही शहरातल्या तज्ज्ञाची लागत होती. तो फोनवर होता. बाकावर बसलेल्या तिघांना उघड्या दारातून डॉक्टरीणबाईंचं बोलणं ऐकू येत होतं.

"हो, ताप आहे... नाही, रक्तदाब अजून पडलेला नाही... हो, ठोके आहेत... बोलते आहे, शुद्धीत आहे... सर, दाब पडेपर्यंत थांबलं तर..."

मग बराच वेळ त्या नुसत्याच ऐकत राहिल्या. फोन ठेवून बाहेर आल्या. "तासाभराने परत कळवा म्हणतात."

म्हातारा उठला. तो मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेला आणि हात जोडून उभा राहिला.

"साहेब, मी मोर्चाला गेलो होतो. ट्रकमधून गेलो होतो. आम्हाला सांगितलं होतं की आईला काही होणार नाही."

मोठ्या डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मलाही तेच सांगितलं होतं," ते म्हणाले. "बसा, बाबा."

म्हातारा बसला नाही. तो बाहेर येऊन भिंतीला टेकला आणि पुढे सबंध वेळ तसाच उभा राहिला.

सुनेला हुडहुडी भरत होती, मग घाम सुटत होता, मग परत हुडहुडी. सासू तिचे पाय चोळत होती. टाचांच्या भेगांतून पांढरं मीठ तिच्या हाताला लागत होतं. सून मध्येच डोळे उघडायची.

"आज खरा आहे हो," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "आज काही आणलेलं नाही."

"माहीत आहे मला."

"आई, तो दाभण खाटेवरच राहिलाय. पोरीच्या हाताला लागेल, ती तिथेच खेळते."

"मी बघते," सासू म्हणाली.

"आणि दोन गोण्या राहिल्यात. उलट्या बाजूने शिवू नका, सुटतात मग."

दिवेलागणीला परत फोन झाला. तज्ज्ञ दुसऱ्या शस्त्रक्रियेत होता. डॉक्टरीणबाई दारात उभ्या राहिल्या. सुनेच्या ओठांचा रंग बदलला होता, बोटांची नखं निळसर दिसत होती. बाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं.

"आत घ्या," त्या नर्सबाईंना म्हणाल्या.

"सही आली?"

"नाही. आत घ्या."

नर्सबाई क्षणभर थबकल्या. मग त्यांनी खाटेची चाकं मोकळी केली. मोठे डॉक्टर आपल्या खोलीच्या दारात आले होते. त्यांनी सगळं पाहिलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

पिशवी मोकळी व्हायला फार वेळ लागला नाही. पण विष रक्तात गेलं होतं. पहाटेपासून तिला कुणी ओळखू येईना. सकाळचं ऊन बाकाच्या पायांशी आलं तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. काही सांगायची गरज पडली नाही. सासूने पदराचा बोळा तोंडात धरला. म्हातारा भिंतीवरून सरकत खाली बसला.

मुलगा उठून बाईंच्या समोर गेला.

"कधी केलं असतं तर वाचली असती?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. "पहिल्या दिवशी," त्या म्हणाल्या. "तुम्ही आलात त्या दुपारी."

"तेव्हाच तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"तुम्हाला मी सोडणार नाही," तो म्हणाला. हळूच म्हणाला, नेहमीच्याच आवाजात.

पाऊस त्या आठवड्यात पडला नाही. मीठ उचलावंच लागलं. मुलगा आता राशीही रचायचा आणि पाट्याही वाहायचा. त्याच्याशी कुणी बोलायला गेलं तर तो पाटी डोक्यावर घ्यायचा आणि चालू लागायचा. राहिलेल्या दोन गोण्या सासूने शिवल्या. नात रोज संध्याकाळी दवाखान्याच्या रस्त्याकडे तोंड करून बसायची. म्हाताऱ्याने फळी ओढणं सोडलं नाही, पण ओढता ओढता तो मधेच थांबायचा आणि वाफ्यातल्या पाण्याकडे बघत राहायचा. पाणी ढवळलं जाऊन मीठ मातकट व्हायचं, मग मालकाचा माणूस ओरडायचा. त्याला ते ऐकू जात नसे.

राशी झाकून झाल्या त्याच दिवशी चौकशीचा अधिकारी आला. तरुण होता, सभ्य होता. चपला दाराबाहेर काढून आत आला, दिलेलं पाणी प्यायला, झाल्या गोष्टीचं वाईट वाटतं म्हणाला. मग त्याने मांडीवर कागद घेतला.

"मला फक्त एकच गोष्ट नक्की करायची आहे. तिसरी सही यायच्या आधीच डॉक्टरीणबाईंनी हात घातला, हे खरं आहे. त्या म्हणतात, जीव धोक्यात होता. शहरातले डॉक्टर म्हणतात, फोनवर त्यांना सांगण्यात आलं की बाई शुद्धीत आहे आणि बोलते आहे. तुम्ही तिथे होता. आत नेताना ती बोलत होती का?"



"ती मेली, साहेब," सासू म्हणाली. "याहून जास्त धोका कसा दाखवायचा असतो?"

"ते नंतरचं झालं," अधिकारी शांतपणे म्हणाला. "मी त्या वेळचं विचारतोय."

म्हाताऱ्याने मुलाकडे बघितलं. सासूनेही बघितलं. मुलगा उंबऱ्यावर बसला होता, पाठ दाराला, तोंड आगराकडे. त्याने एवढं म्हणायचं होतं की बोलत होती. खरं तेच होतं. दाभणाचं बोलली होती, गोण्यांचं बोलली होती. एका शब्दात त्याची ती धमकी खरी झाली असती आणि खोटं बोलल्याचं पापही लागलं नसतं.

"नव्हती बोलत," तो म्हणाला.

"नक्की?"

"शुद्ध नव्हती. बाईंनी हात घातला नसता तर तिथेच, खाटेवरच गेली असती."

अधिकाऱ्याने लिहून घेतलं आणि म्हाताऱ्याकडे वळला. "बाबा, तुम्ही?"

म्हाताऱ्याचे ओठ हलले. "नव्हती," तो म्हणाला. सासूने नुसती मान हलवली.

अधिकारी बांधावरून दिसेनासा झाला. मग सासूने विचारलं, "तू तर म्हणाला होतास, सोडणार नाही."

"म्हणालो होतो." त्याने पायाच्या टाचेवरचा मिठाचा पापुद्रा नखाने काढला. "सगळ्यांत शेवटी का होईना, हात बाईंनीच घातला. बाकीच्यांची चौकशी कोण करतंय?"

तिघांच्या साक्षीचा काय उपयोग झाला ते त्यांना कळलं नाही. कुणी कळवलंही नाही. पुढच्या हंगामाला सासू खोकल्याचं औषध आणायला दवाखान्यात गेली तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या खोलीला कुलूप होतं. मोठे डॉक्टर निवृत्त झाले होते. त्या कुठे आहेत असं तिने नर्सबाईंना विचारलं. नर्सबाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि खोकला किती दिवसांचा आहे असं विचारलं. बायकांचं काही असलं तर आता शहरात जावं लागतं, एवढं मात्र त्यांनी सांगितलं.

आगरातल्या बायका हल्ली दिवस राहिले तरी बोलत नाहीत. आधी नळावर, बांधावर सगळ्यांत पहिली तीच बातमी फुटायची. कुणाला काय खावंसं वाटतंय त्यावरून थट्टा चालायची. आता पोट दिसेपर्यंत कुणी कुणाला सांगत नाही, दवाखान्यात तर नाहीच. सांगितलं आणि पुढे काही बिघडलं तर कोण येऊन काय विचारील, याचा नेम नाही. पोटात दुखलं तरी त्या ओठ आवळून पाट्या वाहतात.

त्या हंगामात शेजारच्या खोलीत एक नवी सून आली होती. एका दुपारी सासूने तिला वाफ्यातून चढताना पाहिलं. पोरीने मध्येच थांबून एक हात कमरेवर ठेवला, डोळे मिटले, आणि कुणी बघत तर नाही ना म्हणून पटकन उघडले. सासूशी नजर भिडताच तिने हात खाली घेतला.

सासूने काही विचारलं नाही. ती बांध उतरून वाफ्यात गेली, पोरीच्या डोक्यावरची पाटी उतरवली आणि आपल्या डोक्यावर घेऊन चालू लागली.